घराखाली खणताना: लंडनच्या तळघरांची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? आज आपल्याला जरा खाली उतरायचंय. थेट घराच्या पायाखाली.

साल 2006. लंडनचा हॅकनी भाग. इथल्या मॉर्टिमर रोडवर विल्यम लिटल नावाच्या एका वयस्कर गृहस्थांचं मोठं जुनं घर होतं. स्थानिक पालिकेनं त्यांना त्या घरातून बाहेर काढलं. का? तर हा माणूस जवळपास चाळीस वर्षं स्वतःच्याच घराखाली खणत होता! सुरुवात अगदी साधी होती, वाइन ठेवायला एक तळघर हवं होतं. मग ते वाढवलं, मग अजून वाढवलं. तपासणीत दिसलं की बोगदे 8 मीटर खोल गेलेत आणि आजूबाजूला 20 मीटरपर्यंत पसरलेत. त्याआधी 2001 मध्ये घराजवळचा फुटपाथच खचला होता. आतून 33 टन राडारोडा निघाला, शिवाय भंगार मोटारी आणि चक्क एक होडी! पेपरवाल्यांनी त्यांना नाव दिलं 'मोल मॅन', म्हणजे जमिनीत बिळं करणारा माणूस.

आता तुम्ही म्हणाल, घर त्यांचं, जमीन त्यांची, मग बिघडलं कुठे?

त्यासाठी आधी लंडनची जुनी घरं बघू. व्हिक्टोरियन काळातली ही घरं रांगेत, एकमेकांना चिकटून उभी आहेत. दोन घरांमध्ये भिंत एकच. खालच्या मजल्याची लाकडी जमीन मातीवर टेकवलेली नसते. लाकूड कुजू नये म्हणून खाली हवा खेळायला पोकळी ठेवलेली असते. रांगत आत शिरावं लागेल, एवढीच ती जागा. ती बघून कुणालाही वाटतं, अर्धं काम तर आधीच झालंय! अजून दीड-दोन मीटर खणलं की झाली खोली तयार.

पण गंमत अशी, की या भिंतींचा पाया फार खोल नसतो. विटांचे काही थर खाली रुंद होत गेलेले, आणि मग थेट माती. पायापेक्षा खोल खणलं, की ज्या मातीवर भिंत उभी आहे, तीच मोकळी होते. 'पायाखालची वाळू सरकली' असं आपण नुसतं म्हणतो. इथे ती खरंच सरकते. आणि भिंत सामाईक असेल, तर शेजाऱ्याच्याही पायाखालची सरकते.

मग खणायचं कसं? पालखीचा खांदा बदलताना बघितलंय? सगळे भोई एकदम बाजूला होत नाहीत. एक जण खांदा देतो, मग दुसरा सुटतो. तसंच भिंतीखाली साधारण एक मीटर रुंदीचा एकच खड्डा घ्यायचा, त्यात काँक्रीट भरायचं, ते घट्ट झालं की वरच्या फटीत कोरडा मसाला ठासून भिंतीचा भार त्यावर घ्यायचा. पुढचा खड्डा लगेच शेजारी नाही, थोडं अंतर सोडून. असं करत करत सगळा पाया खाली न्यायचा. याला म्हणतात अंडरपिनिंग.

या कामाची सगळ्यात भारी गोष्ट लंडनबाहेरची आहे, विंचेस्टर कॅथेड्रलची. दलदलीच्या मातीवरचं हे जुनं चर्च खचत होतं. पण खड्डा घेतला की त्यात पाणी भरायचं. शेवटी विल्यम वॉकर नावाच्या पाणबुड्याला बोलावलं. 1906 ते 1911 अशी पाच-सहा वर्षं तो गढूळ पाण्यात, मिट्ट काळोखात, नुसत्या हातांनी चाचपत काँक्रीटच्या गोण्या रचत होता. चर्च आजही उभं आहे.

म्हणजे तंत्र जुनंच. मग लंडनमध्ये हे वेड इतकं वाढलं कधी? या शतकात. जागेचे भाव आभाळाला भिडले, आणि जुन्या वस्त्यांत वर मजला चढवायला परवानगी मिळणं अवघड. मग श्रीमंतांनी खालची वाट धरली. सिनेमागृह, जिम, स्विमिंग पूल, सगळं जमिनीखाली! न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजलं, तर 2008 ते 2017 या काळात लंडनच्या सात भागांत अशा 4,650 तळघरांना परवानगी मिळाली होती. वर छोटं, खाली अवाढव्य, म्हणून या घरांचं नाव पडलं 'आइसबर्ग होम्स'.

आणि शेजारी? त्यांच्या वाट्याला वर्षानुवर्षं धूळ, खडखडाट, भिंतींना तडे. 1996 चा पार्टी वॉल कायदा सांगतो, की शेजारच्या इमारतीपासून 3 मीटरच्या आत तिच्या पायापेक्षा खोल खणायचं असेल, तर शेजाऱ्याला आधी लेखी नोटीस द्या. पण एवढ्यानं भागेना. मग 2015 मध्ये केन्सिंग्टन अँड चेल्सीनं नियम आवळला: नवं तळघर शक्यतो एकाच मजल्याचं, आणि बागेखाली निम्म्या जागेपर्यंतच.

लिटल यांचं पुढे काय झालं? 2008 मध्ये कोर्टानं त्यांना दुरुस्तीपोटी 2,93,000 पौंड भरायला सांगितलं. 2010 मध्ये ते गेले. खाली किती बोगदे आहेत हे त्यांना ठाऊक होतं. वर फुटपाथवरून चालणाऱ्यांना मात्र काहीच ठाऊक नव्हतं. खरी अडचण तीच होती. जमिनीवर कुंपण घालता येतं हो, पण खालच्या मातीला कुठलं कुंपण? ती सगळ्यांचीच घरं एकत्र तोलून धरते.

तर मंडळी, तुमच्या शेजारी कधी खोदकाम सुरू झालं, तर एक प्रश्न नक्की विचारा: पाया किती खोल आहे, आणि तुम्ही किती खोल जाताय?

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!