क्षौरकर्मातील तुरटी

क्षौरकर्मातील तुरटी : ओल्या दाढीनंतर चेहऱ्यावर फिरविण्यात येणारा तुरटीचा खडा. वस्तऱ्याने किंवा पात्याने दाढी करताना कातडीला बारीक चिरा पडतात. त्यांतून येणारे रक्त थांबविणे, त्वचेची आग शमविणे आणि सैल झालेली त्वचा आवळून घेणे, अशा तिन्ही कामांसाठी तुरटी भारतात दीर्घकाळ वापरात आहे. ठाणे, कल्याण व डोंबिवली या परिसरातील केशकर्तनालयांत आरशाखालच्या फळीवर वाटी, ब्रश आणि साबण यांच्या शेजारी तुरटीचा अर्धपारदर्शक खडा अनेक ठिकाणी आढळतो. या साध्या वस्तूच्या इतिहासात खनिजांचा व्यापार, न्हाव्याच्या व्यवसायाचे बदलते रूप आणि सार्वजनिक आरोग्य यांचे धागे एकत्र आलेले दिसतात.

नाव व प्राचीन उल्लेख : चवीने तुरट असल्यामुळे मराठीत या पदार्थास तुरटी हे नाव मिळाले. संस्कृतातील ‘तुवरी’ या नावातही तुरटपणाचाच अर्थ आहे. ‘स्फटिका’ हे नाव तिच्या स्फटिकरूपावरून, तर ‘सौराष्ट्री’ हे नाव सौराष्ट्र प्रदेशावरून पडले आहे. ‘कांक्षी’ असेही तिचे एक नाव आहे. रसशास्त्रात तुरटीची गणना उपरसांत करण्यात आली असून व्रण भरून आणणारे व रक्तस्राव थांबविणारे द्रव्य म्हणून आयुर्वेदात तिचा उपयोग सांगितला आहे. पश्चिमेकडे रोमन लेखक प्लिनी याने तुरटीसारख्या द्रव्यांचे वर्णन केले आहे. मध्ययुगीन यूरोपात कापडाला पक्का रंग देण्यासाठी रंगबंधक म्हणून तुरटीला फार मोठी मागणी होती. इटलीतील तोल्फा येथे पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात तुरटीच्या खाणी सुरू झाल्यानंतर पोपच्या सत्तेला त्यांतून मोठे उत्पन्न मिळू लागले. क्षौरासाठी लागणारी तुरटी हा या व्यापारातील अल्पसा भाग होता. रंगारी व कातडी कमावणारे हेच तुरटीचे मोठे ग्राहक होत.

पश्चिम भारतात कच्छमधील माताना मढ या ठिकाणी तुरटी तयार करण्याचा जुना उद्योग होता. गंधकयुक्त खनिजे असलेली माती काही काळ हवेत उघडी ठेवीत. मग तिच्यातील लवणे पाण्यात विरघळवून घेत आणि पोटॅशयुक्त क्षार मिसळून द्रावण आटवीत. ते थंड झाले म्हणजे तुरटीचे स्फटिक मिळत. ही तुरटी समुद्रमार्गे मुंबईस येत असे. पुढे कारखान्यांतून गंधकाम्लाच्या साहाय्याने स्वस्त तुरटी बनू लागल्यावर जुनी पद्धत मागे पडली. कल्याणजवळील अंबरनाथ येथे धरमसी मोरारजी केमिकल कंपनीने (स्थापना १९१९) गंधकाम्लाचे उत्पादन सुरू केले. भारतातील रसायन उद्योगाच्या आरंभकाळातील हा एक महत्त्वाचा टप्पा मानला जातो.

रासायनिक स्वरूप व क्रिया : दाढीसाठी वापरली जाणारी तुरटी ही सामान्यतः पोटॅश तुरटी, म्हणजे पोटॅशियम व ॲल्युमिनियम यांचे दुहेरी सल्फेट असते. तिच्या प्रत्येक रेणुसूत्रात स्फटिकजलाचे १२ रेणू असतात. तिचे स्फटिक अष्टफलकीय असून ते सुमारे ९२° से. तापमानास स्वतःच्याच स्फटिकजलात वितळतात. त्यामुळे वितळलेली तुरटी साच्यात ओतून गुळगुळीत वड्या करता येतात. अधिक तापविल्यास पाणी निघून जाते व ती फुलते. या पांढऱ्या, हलक्या पदार्थास तुरटीची लाही म्हणतात. अमोनिया तुरटीचाही याच कामासाठी उपयोग होतो.

तुरटीचे पाण्यातील द्रावण अम्लधर्मी असते. त्यातील ॲल्युमिनियमाचे आयन त्वचेवरील आणि रक्तातील प्रथिनांशी संयोग पावून ती साकळवितात. चिरेच्या तोंडाशी साकळलेल्या प्रथिनांची बारीक गुठळी बसते, आसपासच्या ऊती आकुंचन पावतात व केशवाहिन्यांतून होणारा स्राव थांबतो. खोल जखमेतील रक्तस्राव मात्र तुरटीने थांबत नाही. चेहरा ओला असताना खडा हलक्या हाताने फिरवून थोड्या वेळाने तोंड थंड पाण्याने धुणे, ही रूढ रीत आहे. ज्या ठिकाणी पाते अधिक घासले गेले असेल तेथे तुरटी झोंबते. त्यामुळे हात कोठे जड पडला हे दाढी करणाऱ्यास समजते. पावसाळ्यात गढूळ झालेले पाणी निवळण्यासाठी तुरटी फिरवितात, त्यामागेही आयनांमुळे सूक्ष्म कण एकत्र येऊन खाली बसणे, ही सजातीय क्रिया असते. म्हणूनच कोकणपट्टीतील घरांत पाण्याच्या हंड्यासाठी व दाढीसाठी एकच खडा आणलेला असे.

न्हाव्याची धोकटी : गावगाड्यात न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक होता. वस्तरा, कात्री, चिमटा, नराणी, वस्तऱ्याला धार लावण्याचा दगड, चामड्याचा पट्टा, पाण्याची वाटी व आरसा एवढे साहित्य कातडी धोकटीत घालून तो घरोघरी फिरे. वर्षभराच्या कामाबद्दल त्याला धान्याच्या रूपाने बलुते मिळे. संत सेना महाराजांनी आपल्या अभंगांतून याच हत्यारांना परमार्थाची रूपके बनविले. जावळ, मुंज, लग्न व सुतक या प्रसंगी न्हाव्याचे काम धार्मिक विधीचा भाग असे. किरकोळ जखमा, गळवे यांवरील उपचारही तो करी. त्यामुळे तुरटीसारखी स्तंभक द्रव्ये त्याच्या नित्य परिचयाची होती.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हा भारतातील पहिला प्रवासी लोहमार्ग सुरू झाला व १८५४ मध्ये तो कल्याणपर्यंत पोहोचला. नोकरीनिमित्त रोज मुंबईस जाणाऱ्यांची वस्ती या मार्गालगत वाढत गेली. नियमित दाढी ही कचेरीच्या शिस्तीची बाब बनली. बलुत्याऐवजी रोख पैसे घेणारी, खुर्ची व आरसा असलेली केशकर्तनालये स्थानकांजवळ उभी राहिली. किंग कँप जिलेट याच्या सुरक्षित वस्तऱ्याला १९०४ मध्ये अमेरिकेत एकस्व मिळाले. पुढे दुधारी पाती स्वस्त झाल्यावर घरच्या घरी दाढी करण्याची प्रथा मध्यमवर्गात रुळली. वस्तऱ्याबरोबर तुरटीही न्हाव्याच्या धोकटीतून घरातील मोरीच्या फळीवर आली.

सामाजिक संदर्भ : वस्तरा कोणावर चालवावा व कोणावर चालवू नये, हे ठरविण्याचे स्वातंत्र्य जुन्या समाजव्यवस्थेत न्हाव्याला नव्हते. उच्चवर्णीय विधवेचे केशवपन त्याला करावे लागे. उलट अस्पृश्य मानलेल्यांची हजामत त्याने करू नये असा दंडक होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या साताऱ्यातील बालपणी न्हावी मिळत नसल्याने घरातील मुलांचे केस त्यांची थोरली बहीण कापीत असे. त्यांनी स्वतः आपल्या आत्मपर टिपणांत ही हकिगत नमूद केली आहे.

केशवपनाच्या चालीविरुद्धचा एक महत्त्वाचा लढा ठाण्याशी जोडलेला आहे. ठाणे येथे जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–१८९७) हे जोतीराव फुले यांचे सहकारी, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’ या पत्राचे संपादक होते. १८९० मध्ये त्यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिकांची सभा भरली व विधवांचे केशवपन यापुढे करावयाचे नाही, असा निर्धार तीत करण्यात आला. हे काम नाकारणे म्हणजे नेहमीच्या यजमानांचा रोष व मिळकतीची तूट पतकरणे होते. हातावर पोट असलेल्या कारागिरांनी स्वतःच्या उत्पन्नावर पाणी सोडून परक्या घरातील स्त्रियांची बाजू घेतली, हे या घटनेचे वैशिष्ट्य होय. त्याच वर्षी, १० जून १८९० रोजी, लोखंडे यांच्या चळवळीमुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली. रविवारची सकाळ हा पुढे केशकर्तनालयांतील सर्वांत गर्दीचा वेळ ठरला, आणि कारागिरांची स्वतःची सुटी सोमवारी पाळण्याचा प्रघात पडला.

स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट करण्यात आली. सार्वजनिक दुकानांत जातीवरून मज्जाव करण्यास पंधराव्या अनुच्छेदाने मनाई केली. १९५५ च्या अस्पृश्यताविषयक अधिनियमाने अशी सेवा नाकारणे हा दंडनीय अपराध ठरविला. शहरातील केशकर्तनालयात एकाच खुर्चीवर कोणत्याही जातीचा माणूस बसू लागला आणि तोच वस्तरा व तोच तुरटीचा खडा सर्वांच्या गालांवरून फिरू लागला. समतेच्या दृष्टीने इष्ट असलेल्या या बदलातून आरोग्याचा मात्र एक नवा प्रश्न उभा राहिला.

आरोग्याचा प्रश्न : तुरटी काही सूक्ष्मजंतूंची वाढ रोखते, परंतु ती निर्जंतुक करणारे द्रव्य नव्हे. एका ग्राहकाच्या रक्ताळलेल्या चिरेवर घासलेला ओला खडा लगेच दुसऱ्याच्या चिरेवर फिरविल्यास रोगसंक्रमण होण्याचा संभव असतो. दाढीचा नायटा व केशपुटकांचा दाह हे विकार सदोष क्षौरकर्मातून पसरतात, हे वैद्यकास पूर्वीपासून माहीत होते. रक्तातून पसरणाऱ्या ‘ब’ प्रकारच्या यकृतशोथाच्या विषाणूची ओळख विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात पटली. हा विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तातही सात दिवसांपर्यंत टिकून राहू शकतो. भारतात १९८६ मध्ये एड्सच्या विषाणूचा संसर्ग प्रथम आढळला. त्यानंतरच्या प्रचारमोहिमांतून प्रत्येक ग्राहकासाठी नवे पाते वापरण्याचा आग्रह धरण्यात आला. दुधारी पाते मध्ये मोडून त्याचा अर्धा भाग बसविण्याचा वस्तरा केशकर्तनालयांत सर्रास दिसू लागला. प्रत्यक्षात क्षौरकर्मातून एड्सचा प्रसार क्वचितच संभवतो; यकृतशोथाचा धोका तुलनेने अधिक असतो. पाते बदलले तरी खडा तोच राहिला, तर दक्षता अर्धवट राहते. यावर सोपा उपाय आहे. तुरटीचे ताजे द्रावण किंवा पूड कापसाच्या स्वच्छ बोळ्याने लावून बोळा टाकून द्यावा, अथवा ग्राहकाने स्वतःचा खडा बरोबर न्यावा. घरी एकट्याने वापरलेला खडा धुऊन कोरडा ठेवल्यास पुष्कळ काळ टिकतो.

कोव्हिड-१९ च्या साथीत मार्च २०२० पासून केशकर्तनालये बंद होती. २८ जूनपासून महाराष्ट्रात ती मर्यादित स्वरूपात उघडण्यास परवानगी मिळाली, पण ती केस कापण्यासारख्या कामांपुरती होती. त्वचेशी निगडित सेवा, म्हणजेच दाढीही, त्यातून वगळण्यात आली. ठाणे व कल्याण-डोंबिवली महानगरपालिकांच्या क्षेत्रांत २ जुलैपासून पुन्हा टाळेबंदी जाहीर झाली आणि नुकतीच उघडलेली दुकाने लगेच मिटली. दिवसाच्या कमाईवर चालणाऱ्या या व्यवसायाचे त्या काळात अतोनात नुकसान झाले. अनेक घरांत पुरुषांनी स्वतःच दाढी करण्यास आरंभ केला.

सद्यःस्थिती : मद्यार्कयुक्त सुगंधी द्रव्ये, मलमे व विजेवर चालणारी यंत्रे यांमुळे तुरटीचा वापर कमी झाला असला, तरी तो लोपलेला नाही. वाण्याच्या व काष्ठौषधींच्या दुकानांतून ती अल्प किमतीत मिळते. वडीच्या किंवा कांडीच्या आकारातील तुरटी सौंदर्यप्रसाधन म्हणूनही विकली जाते. जिची त्वचा फार कोरडी आहे किंवा जिला तुरटीने पुरळ उठते अशा व्यक्तीने ती वापरू नये. ज्यांच्या रक्तास गोठण्याचा दोष आहे त्यांनी केवळ तुरटीवर विसंबून राहणे योग्य नाही.