भामिनी विंगेत उभी आहे

मध्यंतर झालंय. नाट्यगृहाच्या आवारात बटाटेवड्याची बशी धरून तुम्ही निकाल देऊन मोकळे झाला आहात: "नायिका आज काही जमली नाही." वडा तिखट आहे, म्हणून चहाच्या टेबलाकडे वळता. तर टेबल नाही, चहावाला नाही. समोर व्हिक्टोरिया उभी आहे, घोडा फुरफुरतोय आणि कुणीतरी तुमच्या हातात एक हँडबिल कोंबून पुढे गेलंय.

12 मार्च 1911, रविवार. मुंबई, रिपन थिएटर. किर्लोस्कर नाटक मंडळीचा नवा खेळ, 'संगीत मानापमान'.

आत शिरा. लाल पागोटी, काळ्या टोप्या, अत्तराचा आणि घामाचा एकत्र वास. शेजारचे गृहस्थ तुम्हाला पानाचा डबा पुढे करतात आणि न विचारताच सांगू लागतात. खाडिलकरांचं हे पहिलंच संगीत नाटक. केसरीतला माणूस, आदल्या वर्षी सरकारने ज्याच्या 'कीचकवधा'वर बंदी घातली तो. त्याला पदं कशी जमणार? चाली गोविंदराव टेंब्यांच्या. त्या म्हणे ठुमरी-दादऱ्याच्या वळणाच्या आहेत. "मराठी नाटकात ठुमरी!" गृहस्थ मान हलवतात. पडदा अजून खालीच आहे, पण अर्धा निकाल लागलेला.

तुम्हाला ही मान ओळखीची वाटली पाहिजे.

आता इथून उठा. बाजूच्या दाराने आत जा, कुणी अडवणार नाही. रंगपटात सफेत्याची पूड हवेत तरंगते आहे. बावीस वर्षांचा एक तरुण, आजची नायिका भामिनी, आरशासमोर बसलाय. मागे उभा असलेला माणूस त्याच्या केसांत गंगावन गुंफतोय. दोन पेड घट्ट, तिसरा किंचित सैल, म्हणजे मान वळवताना अंबाडा ओढला जाणार नाही. शालूच्या निऱ्या दुसरा कुणी धरून बसला आहे. कुणीच बोलत नाही. नाटक कंपनीच्या रंगपटात एवढी शांतता नसते. आचारी चहा आणतो, ठेवतो आणि आवाज न करता निघून जातो.

त्या तरुणाची लहानगी मुलगी आजच गेली आहे.

खेळ पुढे ढकलला असता तर कुणी बोल लावला नसता. पण नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, यांनी तो होऊ दिला, असं सांगतात. ही गोष्ट महाराष्ट्राने इतक्या वेळा सांगितली आहे की तिचा पुतळा झालाय. कलेसाठी दुःख गिळणारा महापुरुष. मला तो पुतळा फारसा पटत नाही. माझं लक्ष गंगावन बांधणाऱ्या हातांकडे जातं. त्या हातांना आज कंप सुटून चालणार नव्हतं. पडदा ओढणाऱ्याला आज एक क्षण चुकवून चालणार नव्हतं. धैर्यधर झालेल्या नानासाहेब जोगळेकरांनी, लक्ष्मीधर झालेल्या गणपतराव बोडसांनी समोरच्या भामिनीच्या डोळ्यांत बघताना काय सांभाळलं असेल, ते कुठल्याही हँडबिलावर छापलेलं नाही. सारंगीवाल्याने सूर किंचित लांबवला असेल, श्वास घ्यायला जागा दिली असेल. पिटात बसलेल्याला ते कळायचं कारणच नव्हतं.

घंटा होते. भामिनी विंगेत उभी राहते, पदर सारखा करते आणि उजेडात जाते.

तुम्ही विंगेतूनच बघा. नाटकातही चाललंय ते निकालाचंच. श्रीमंताची मुलगी गरीब शिपाईगड्याला पैशावरून तोलते, अपमान करते. मग वनमाला होऊन छावणीत जाते, तेव्हा तिला तो माणूस जवळून दिसतो. बाहेर 'वन्स मोअर'चा गजर उठतो. तो ज्याच्यासाठी आहे त्याला तो आज नको असेल कदाचित. पण तो पुन्हा गातो.

एक सांगून ठेवतो. त्या रात्री एखादी तान घसरली असती, तर ती घसरलीच म्हणायची. दुःख कळलं म्हणून सूर शुद्ध होत नाही आणि तिकीट काढलेल्या माणसाने खोटी स्तुती करण्यात कुणाचंच भलं नाही. मात्र "तान घसरली" आणि "याला गाता येत नाही" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. आपण घाईत दुसरं बोलतो आणि पहिलं बोलल्याच्या थाटात वड्याचा घास घेतो.

तिथून दहा वर्षं पुढे या. 8 जुलै 1921, मुंबईचंच बालीवाला थिएटर. पुन्हा 'मानापमान', पण आता 'संयुक्त'. गंधर्व नाटक मंडळीची भामिनी आणि ललितकलादर्शचा धैर्यधर. बालगंधर्व आणि केशवराव भोसले. दोघांच्याही चाहत्यांचे तट पडलेले. प्रयोग टिळक स्वराज्य फंडासाठी आहे, पण प्रेक्षागृहात बसलेले कितीतरी जण कोण कुणाला खातो हे बघायला आलेत. तुमच्या शेजाऱ्याने तर वहीत दोन रकाने आखलेत.

आत मात्र दोन कंपन्यांची माणसं एकाच खेळासाठी राबताहेत. एकाच्या पदाला दुसरा मनापासून कान देतो आहे. पदं रंगत जातात तसा शेजाऱ्याचा हात थांबतो. पेन्सिल बोटांतच राहते, रकाने कोरेच.

केशवराव भोसले 4 ऑक्टोबर 1921 रोजी गेले. वय 31. त्या प्रयोगाला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते.