राबडी आणि अठरा टक्के

मेनूकार्ड हे उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं, हे मला बँकेत लागल्यावर पहिल्याच वर्षी समजलं. आधी रक्कम, मग तपशील. व्हाउचर आम्ही असंच तपासतो. या सवयीमुळे माझ्या हातून आजवर एकाही हॉटेलात उधळपट्टी झालेली नव्हती. ती परवाच्या डिसेंबरात झाली. जैसलमेरपासून चाळीसेक किलोमीटरवर, वाळूच्या टेकड्यांच्या कुशीत तंबू ठोकून बसलेल्या एका उंची ठिकाणी. नाव सांगत नाही. त्यांचा दोष काहीच नव्हता. लुटणार किती, ते त्यांनी छापून हातात दिलं होतं.

निमित्त लग्नाच्या विसाव्या वाढदिवसाचं. एलएफसीची मुदत संपत आली होती. (एलएफसी म्हणजे बँकेच्या पैशानं बँकेपासून लांब जाण्याची सोय. नोकरीतली सगळ्यात सुंदर तीन अक्षरं.) बरोबर सौभाग्यवती, कन्या आणि माझे वडील, अण्णा. अण्णा माण तालुक्यातले, वय पंचाहत्तर, वाळवंटाला न घाबरणारे. "आमच्याकडं जे आठ म्हैनं असतं, ते हितं बारा म्हैनं हाय," एवढाच त्यांचा थरच्या वाळवंटाबद्दलचा अभिप्राय. उतरलो होतो गावातल्या एका लॉजवर, पण एक रात्र तरी त्या तंबूत जेवायचं ही सौ.ची अट होती.

"अहो, वीस वर्षांतून एकदा!" ती म्हणाली.

मी अंदाजे खर्चाला वीसनं भागलं. दरसाल पाचशेच्या आत बसत होतं. मंजूर केलं.

कार्ड इंग्रजीत होतं, आणि इंग्रजी लिपीत रबडी आणि राबडी यांत फरक करायची सोय नाही. कन्येनं गोड म्हणून ती मागवली. किंमत साडेसहाशे रुपये. ती आली पितळी तबकात, मातीच्या कुल्हडात, वर जिऱ्याची पूड भुरभुरलेली. कन्येनं एक घोट घेतला आणि सही जुळत नाही म्हणून परत आलेल्या चेककडे खातेदार पाहतो तसं माझ्याकडे पाहिलं. अण्णांनी कुल्हड आपल्याकडे ओढलं, वास घेतला, घोट घेतला आणि तंबूतली शांतता मोडत म्हणाले,

"आरं, ही तर अंबील हाय!"

आणि होतीच. ताकात कालवून शिजवलेलं बाजरीचं पीठ. मारवाडातला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या ज्यावर दिवस काढत आला तीच ही राबडी. आमच्या आजीनं ही पितळी तबकात कधीच दिली नाही, आणि तिच्यावर बिल तर मुळीच लावलं नाही.

एकदा शंका आली की आम्ही क्लार्क लोक सगळं लेजर उपसतो. मी कार्ड पुन्हा वाचायला घेतलं, या खेपेला डावीकडून. बाजरीची रोटी. गट्ट्यांची भाजी, म्हणजे बेसन. पापडाची भाजी, म्हणजे पापडच. मंगोडी, म्हणजे वाळवलेले सांडगे. सगळ्या यादीत हिरवं पान नाही, आणि त्याचं कारण स्वयंपाक्याची लहर नव्हे. पाणी नाही, तर भाजी नाही. मग जे वाळवून वर्षभर टिकतं ते खा, आणि पाण्याऐवजी ताकात शिजवा. कारण गाय एक वेळ कुठून तरी दूध देईल, आभाळ पाणी देईलच असं नाही. ही टंचाईची पाककला आहे. आमच्यासमोर तिला 'डेझर्ट हेरिटेज' असं नाव देऊन उभं केलं होतं.

यादीचा राजा म्हणजे केर-सांगरी. साडेनऊशे रुपये. केर ही काटेरी झुडपाची हिरवी, वाटाण्याएवढी फळं. सांगरी म्हणजे खेजडीच्या झाडाच्या कोवळ्या शेंगा, वाळवलेल्या, दिसायला काडेपेटीत ओल आल्यावर काड्या होतात तशा. आता ही खेजडी म्हणजे कोण, तर दसऱ्याला आपण जिच्यासमोर हात जोडतो ती शमी. पांडवांनी जिच्यावर शस्त्रं ठेवली ती. आपण तिची पूजा करून घरी येऊन श्रीखंड-पुरी खातो. थरमधली माणसं तिलाच खात आली. नुसत्या शेंगा नव्हेत. १८६८-६९ च्या दुष्काळात या झाडाची साल दळून, तिच्या भाकऱ्या करून माणसं जगली. पुढचा दुष्काळ १८९९-१९०० चा. तो विक्रम संवत १९५६ मध्ये पडला म्हणून राजस्थानात त्याला 'छप्पनिया' म्हणतात, आणि त्याचं नाव अजून कुणी हसत घेत नाही.

आणि या झाडासाठी मेलेल्यांची गोष्ट तर जोधपूरजवळच्या खेजडली गावची. साल १७३०. मारवाडचे महाराज अभयसिंह यांना बांधकामासाठी चुना भाजायचा होता. चुन्याला लाकूड लागतं, आणि लाकूड खेजडलीत होतं. माणसं कुऱ्हाडी घेऊन गेली. गावातली अमृतादेवी नावाची बिश्नोई बाई झाडाला मिठी मारून उभी राहिली; तिला तोडलं, तिच्या मुलींना तोडलं, मग एकेक करत ३६३ माणसं त्या झाडांपायी गेली. हे अजाण भाबडेपण नव्हे. जिला राजा जळण म्हणत होता, ती त्यांची भाजी होती, गुरांचा चारा होता, सावली होती आणि वाईट वर्षात भाकरी होती. १९८३ मध्ये राजस्थाननं खेजडीला राज्यवृक्ष केलं. अडीचशे वर्षं उशिरा का होईना, नोंद झाली. काही सरकारी खात्यांपेक्षा ही गती बरी.

वाळवंटात महागडं जेवण ही आजची गोष्ट आहे असंही कुणी समजू नये. १५४२ च्या उन्हाळ्यात बादशहा हुमायून, राज्य गमावलेला, जैसलमेर-मारवाडच्या याच वाळूतून फिरत होता. बरोबर गरोदर बेगम हमीदा. विहिरी इतक्या खोल की मोट ओढणारा बैल लांब निघून जाई, आणि काठावरची हाक गड्याला ऐकू येत नसे. मोट वर आली की ढोल वाजवून त्याला कळवत. असं करत मंडळी अमरकोटला पोचली. ते आता पाकिस्तानात, सिंधमध्ये आहे. तिथल्या राण्यानं आसरा दिला. ऑक्टोबरमध्ये अकबराचा जन्म झाला. बातमी आली तेव्हा हुमायून काही अंतरावर छावणीत होता. मुलाचा जन्म, आणि वाटायला बादशहाजवळ काही नाही. त्यानं चिनी मातीची ताटली मागवली, जवळची कस्तुरी तिच्यात फोडली आणि सरदारांना थोडी थोडी वाटली. वाळवंटातल्या त्या पार्टीत उंची क्रोकरी होती, सुवास होता, तंबू होता. फक्त पोटात जाईल असं काही नव्हतं. आमच्या ताटांकडे पाहताना मला हुमायून जवळचा वाटू लागला.

माझ्यापुढचं टोमॅटो सूप मात्र खरोखर पातळ होतं, म्हणजे त्यात पाणी होतं. वेटरला विचारलं, पाणी कुठलं? "नहर का, साब." नहर म्हणजे इंदिरा गांधी कालवा. १९५८ मध्ये काम सुरू झालं, पंजाबात हरिके इथं सतलज-बियासचं पाणी अडवून ते शेकडो किलोमीटर वाळूतून आणलं. तो नसता तर या भागातले निम्मेअधिक तंबू, त्यांतले शॉवर आणि त्यापुढची हिरवळ यांना पत्ताच नसता. सूप चारशे रुपयांचं होतं, पण हिमालयातून आलेल्या पाण्याच्या वाहतुकीचा खर्च धरला तर तेवढी एक रक्कम मी बिनतक्रार पास केली.

अण्णा एवढा वेळ गप्प होते. ते दोन दिवसांपूर्वीपासूनच गप्प होते, जोधपूरचा उमेद भवन महाल पाहिल्यापासून. महालाचा एक भाग राजघराण्याचा, एक भाग अतिशय महागडं हॉटेल, आणि तिकीट काढून पाहायचं संग्रहालय. आम्ही अर्थातच तिकिटाच्या बाजूला. ३४७ खोल्या. लँचेस्टर नावाचा इंग्रज वास्तुशिल्पी. लंडनहून मागवलेलं फर्निचर महायुद्धात जहाजासकट समुद्रात गेलं, तेव्हा नॉर्ब्लिन नावाच्या पोलंडच्या निर्वासित चित्रकाराकडून आतली सजावट करून घेतली. भिंतीवर त्यानं रामायण रंगवलं. हे सगळं गाईड सांगत होता आणि अण्णा एका दगडाच्या सांध्यावरून बोट फिरवत होते. मग गाईडनं सांगितलं की हा महाल म्हणजे दुष्काळी काम होतं. १९२० नंतरच्या दशकात मारवाडात पाऊस फिरला, लोक काम मागायला महाराजा उमेदसिंहांकडे आले, आणि १९२९ मध्ये पाया घातला. दोन-तीन हजार माणसं कामाला. पुरं व्हायला १९४३ उजाडलं. १९४७ मध्ये महाराज वारले. म्हणजे बांधायला चौदा वर्षं, राहायला चार. लखनौच्या नबाब असफउद्दौलानंही १७८४ च्या दुष्काळात असाच बडा इमामबाडा बांधायला काढला होता. राजे लोकांना भुकेवर हा एक उपाय बरा सुचे. १९७१ मध्ये तनखे बंद झाले, आणि त्याच दशकात महालात पाहुणे भाड्यानं राहू लागले. आता दुष्काळाच्या दगडांत लोक पैसे देऊन जेवतात.

"खडी का घडीव?" अण्णांनी गाईडला विचारलं होतं. त्याला मराठी कळलं नाही. मला कळलं. अण्णा १९७२ च्या दुष्काळात बावीस वर्षांचे होते आणि म्हसवडच्या रस्त्यावर खडी फोडत होते. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात जवळजवळ पन्नास लाख माणसं अशी कामावर होती. रस्ते, पाझर तलाव, बांध. रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मायलो, कामावर पोरांना सुकडी. मी लहानपणापासून ऐकलेलं होतं, आणि प्रत्येक वेळी "हो अण्णा" म्हणून सस्पेन्स अकाउंटला टाकलेलं होतं.

आता तंबूत, मेणबत्तीच्या उजेडात, अण्णांनी केर-सांगरीचा घास घेतला. सावकाश चावला.

"बरी हाय," म्हणाले. "पर मला एक सांग. मायलोची भाकरी हितं केली तर किती लावत्याल?"

मी म्हटलं, "अण्णा, ती तुम्हीसुद्धा खाल्ली नसती, दुसरं काही असतं तर."

"म्हनून तर इचारतोय."

सौ. हसायला गेली आणि थांबली. कन्येनं फोन खाली ठेवला, ही त्या सहलीतली सगळ्यात ऐतिहासिक घटना. मी मनातल्या मनात हिशेब मांडत होतो. बाजरी, ताक, शेंगा: दीडशे रुपये सुद्धा जास्त होतात. तंबू, सतरंज्या, मांगणियार गायकांचा अर्धा तास (तो मात्र खरा होता, त्यांना चौपट दिले असते तरी थोडे होते), वाळूवरचं चांदणं, जे सरकारी मालकीचं आहे: धरू या हजार-दोन हजार. बाकीची रक्कम कशाची? मला वाटतं, ती अंतराची होती. हीच अंबील, हीच वाळलेली शेंग, पण उद्या सकाळी आपल्याला आम्लेट मिळणार आहे या खात्रीसकट. ती खात्री असेल तरच राबडी रुचकर लागते. ज्यांच्याजवळ ती नव्हती त्यांनी तिची पाककृती शोधली, आणि त्यांना कुणी अभिप्रायाची वही पुढे केली नाही. तेव्हा पैसे वसूल झाले का? कन्येच्या खात्यावर नाही. सौ.च्या खात्यावर हो, कारण फोटो. माझ्या खात्यावर, लाल मांसाच्या बाबतीत तर मुळीच नाही. मथानियाच्या मिरचीची खरी गंमत आदल्या दिवशी जोधपूरच्या बाजारातल्या पत्र्याच्या बाकावर पाचपट स्वस्तात भेटली होती.

वेटर बाडमेरकडचा, विशीतला पोरगा. अण्णांनी त्याला आपल्या हिंदीत विचारलं, "बेटा, तुम्हारे घर में ये करते क्या?"

"रोज, बाबूजी."

"मेहमान आया तो भी?"

पोरगा लाजला. "मेहमान को राबडी कैसे देंगे? आलू-पूरी बनाते हैं."

यावर अण्णा इतके हसले की शेजारच्या तंबूतल्या गोऱ्या बाईंनी वळून पाहिलं. मग त्यांनी त्याला शेजारी बसवायचा प्रयत्न केला. तो नियमाप्रमाणे उभाच राहिला आणि उभ्या उभ्याच त्यानं सौ.ला सांगरी कशी करायची ते सांगितलं. आधी उकळून पाणी फेकायचं, मग ताकात भिजवायची, मग तेल, लाल मिरची, आमचूर.

बिल आलं. आठ हजार चारशे, वर जीएसटी अठरा टक्के: एक हजार पाचशे बारा. एकूण नऊ हजार नऊशे बारा. साध्या हॉटेलात पाच टक्के असतात, पण खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांवर गेलेलं असलं की तिथल्या जेवणालाही अठरा लागतात. मी तिथं झोपलोही नव्हतो. पण शेजारी कुणीतरी महाग झोपलं होतं, म्हणून माझी भाकरी महाग झाली. मी बेरीज दोनदा तपासली. बरोबर होती. बेरीज बरोबर निघण्याचं दुःख बँकेतल्या माणसाशिवाय कुणाला कळायचं नाही.

"किती झालं?" अण्णांनी विचारलं. मी आकडा खाली आणून सांगितला. "दोन हजार."

"गप," ते म्हणाले. "मी वाचलंय." आणि खिशातून पाचशेची नोट काढून त्यांनी वेटरच्या हातात कोंबली, घरी आईला दे म्हणून.

परत आल्यावर अण्णा गावी गेले. वैशाखात एके दिवशी एस.टी.च्या कंडक्टरबरोबर एक पिशवी आली. देवळामागच्या शमीच्या शेंगा, कोवळ्या, दोन किलो. सौ.नं वेटरच्या शब्दाबरहुकूम पाणी फेकलं, ताकात भिजवलं, मिरची घातली. भाजी जमली म्हणता येणार नाही. थोडी दोरीसारखी झाली होती. रविवारी अण्णा आले, जेवायला बसले, दोनदा वाढून घेतली आणि ताट पुसून म्हणाले,

"सूनबाई, बिल आन. पर अठरा टक्के लावू नकोस, मी हितं झोपनार न्हाय."