संतांचे दिवस आणि लोकांची भाषा

आपल्या समाजांत तुकारामबीज, नाथषष्ठी व दासनवमी हे दिवस कोणास शिकवावे लागत नाहींत. विशेष हा कीं, या तिन्ही तिथि त्या त्या सत्पुरुषांच्या निर्याणाच्या आहेत. राजाचा उत्सव त्याच्या जन्मदिवशीं होतो. साधूचा बहुधा तो हें जग सोडून गेला त्या दिवशीं होतो. कॅथलिक समाजाचें वर्षहि याच कल्पनेवर उभारलेलें आहे. परंतु तिथि पाळणें ही एक गोष्ट आणि त्या तिथीस जें वाचावयाचें तें कळणें ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीचा आपल्या भाषेशीं जो संबंध आला, त्याचा थोडा इतिहास येथें सांगावयाचा आहे.

दुसऱ्या शतकांत आशिया मायनरमधील स्मर्ना शहरचा वृद्ध बिशप पॉलिकार्प यास धर्मासाठीं ठार मारण्यांत आलें. त्याच्या मंडळीनें दुसऱ्या मंडळ्यांस लिहिलेल्या पत्रांत, त्याच्या हौतात्म्याचा दिवस आपण त्याचा जन्मदिवस मानून पाळूं, अशा आशयाचें वचन आहे. मृत्यूचा दिवस हाच स्वर्गांतील जन्माचा दिवस, ही कल्पना तेव्हांपासून रूढ झाली. पुढें हुतात्म्यांमागून तपस्वी, आचार्य व सेवाव्रती यांचे दिवस येत गेले, आणि प्रत्येक दिवसास शास्त्रांतील कांहीं वेंचे नेमून देण्यांत आले. या पंचांगाची निष्ठा किती कांटेकोर असते याचें एक मौजेचें उदाहरण आहे. आविलाची संत तेरेसा १५८२ सालच्या ४ ऑक्टोबरच्या रात्रीं वारली. त्याच रात्रीं पोप ग्रेगरीच्या सुधारणेनें दहा दिवस गाळले गेले आणि दुसऱ्या सकाळीं १५ तारीख उजाडली. म्हणून तिचा दिवस आजहि १५ ऑक्टोबर हाच आहे.

सर्वच सण मात्र तारखेस बांधलेले नसतात. पुनरुत्थानाचा सण वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेमागून येणाऱ्या रविवारीं येतो. म्हणजे आपल्या फाल्गुनी किंवा चैत्री पौर्णिमेशीं त्याचें नातें आहे. त्याच्या आधींचा महाउपवास त्याबरोबरच मागेंपुढें सरकतो. चंद्र पाहून सण ठरविणाऱ्या आपल्या वाचकांस यांत परकें असें कांहीं वाटूं नये.

असें हें वर्ष सोळाव्या शतकांत गोमंतकांत आलें. तें एकटें आलें नाहीं. राजसत्ता बरोबर घेऊन आलें. जुनीं देवळें गेलीं, जुन्या पोथ्या निषिद्ध ठरल्या. नव्या धर्मांत आलेल्या माणसास सण मिळाले, परंतु सणाच्या संध्याकाळीं बसून ऐकावें असें त्याच्या भाषेंत कांहीं उरलें नाहीं. ही उणीव ओळखणारा पुरुष इंग्रज होता. विल्टशायर परगण्यांतील थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आला आणि पुढील चाळीस वर्षें तेथेंच राहून १६१९ सालीं वारला. त्याचें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीं राशोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. सुमारें अकरा हजार ओव्या. पहिल्या भागांत जुना करार आणि दुसऱ्यांत ख्रिस्तचरित्र.

या ग्रंथाच्या आरंभींच एक प्रसंग आहे. साष्टी प्रांतांत रविवारच्या सायंप्रार्थनेनंतर देवळांत मुलांस धर्मोपदेश चालला असतां नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण विचारतो कीं, पूर्वींचीं पुराणें आपण बंद केलीं, मग त्यांच्या जागीं दुसरीं कां देत नाहीं? सारें काव्य या प्रश्नाचें उत्तर आहे. प्रश्न घडला असो वा कवीनें रचला असो, तो खरा आहे. एकाची पोथी काढून घेणें सत्तेस सोपें असतें. तिच्या जागीं दुसरी देणें हें भाषेचें काम आहे, आणि त्यास चाळीस वर्षांचा सहवास लागतो.

संतचरित्रेंहि मागोमाग आलीं. एत्येन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटानें संत पीटरवर पुराण रचलें; त्याचे भाग १६२९ व १६३४ सालीं निघाले. आंतोनियो द साल्दान्य यानें पादुआच्या संत आंतोनीची जीवित्वकथा १६५५ सालीं छापविली. क्रिस्तपुराणाच्याहि १६४९ व १६५४ सालीं पुन्हा आवृत्त्या झाल्या. परंतु १६८४ सालीं व्हाइसरॉय आल्व्होरच्या काउंटानें फर्मान काढलें कीं, लोकांनीं तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावें. जुन्या तिन्ही आवृत्त्यांपैकीं एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. पुराण वांचलें तें निरनिराळ्या कारणांनीं कानड्याकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या हस्तलिखितांत. त्यांवरून जोसेफ साल्ढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें तें पुन्हा छापलें, आणि १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांच्या संपादनानें तें पुण्यास देवनागरींत आलें. सत्तेनें दिलेले सण सत्तेच्या बळावर टिकले असतील. परंतु पोथी टिकली ती घरांतल्या वाचनानें.

आतां महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोंकाकडे वळूं. जुना चांदा जिल्हा म्हणजे वर्धा, वैनगंगा व प्राणहिता यांच्या आसऱ्यानें पसरलेला अरण्यप्रदेश. १९८२ सालीं त्याचे चंद्रपूर व गडचिरोली असे दोन जिल्हे झाले. कॅथलिक व्यवस्थेंत हा मुलूख पूर्वीं नागपूरकडे होता. १९६२ सालीं तो केरळांतील सिरो-मलबार पंथाकडे सोंपविण्यांत आला; केरळाबाहेर या पंथास मिळालेलें हें पहिलें कार्यक्षेत्र होय. १९७७ सालीं चांदा हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्याचें मुख्य मंदिर कागदगिरणी व कोळशाच्या खाणींच्या बल्लारपुरांत संत थॉमसच्या नांवें आहे. काम अंगावर घेणारे संन्यासी ज्या संघाचे, त्याच्या संस्थापकांपैकीं चावरा कुरियाकोस एलियास हे ३ जानेवारी १८७१ रोजीं वारले. २०१४ सालीं ते संत म्हणून घोषित झाले, आणि ती पुण्यतिथि आतां पंचांगांत आहे.

या पंथाचें वर्ष रोमच्या वर्षाहून निराळें आहे. उपवासाची राख येथें बुधवारीं नव्हे, सोमवारीं लावतात. प्रकटीकरणाच्या सणानंतरचे शुक्रवार ओळीनें बाप्तिस्मा देणारा योहान, पीटर व पॉल, शुभवर्तमानकार, स्तेफन अशा संतांचे असतात. सर्वांत मोठें स्मरण ३ जुलैस संत थॉमसचें. रोमच्या पंचांगांत तो दिवस २१ डिसेंबरास होता. १९६९ च्या सुधारणेनें रोमनेंहि ३ जुलै स्वीकारला. या सणाचें सुरयानी नांव ‘दुखराना’ असें आहे. मराठी कानास त्यांत दुःख ऐकूं येतें, पण अर्थ आहे स्मरण.

येथें इतिहासाचा एक योग लक्ष्यांत घेण्याजोगा आहे. या पंथाची उपासना शतकानुशतकें सुरयानींत चाले. ती मलयाळमांत आली ३ जुलै १९६२ रोजीं, म्हणजे चांद्याचें काम मिळालें त्याच सालीं. ज्यांच्या उपासनेस स्वतःची भाषा नुकती लाभली होती, त्यांच्यावर लगेच दुसऱ्याच्या भाषेंत वाचण्याचें कर्तव्य येऊन पडलें. स्टीफन्सचा प्रश्न केरळच्या माणसापुढें चांद्याच्या जंगलांत उभा राहिला.

आणि येथें तो अधिक अवघड आहे. ३ जुलै आर्द्रा नक्षत्रांत पडतो. शेतकऱ्याचें लक्ष्य तेव्हां धानाच्या पऱ्ह्यांकडे व पुढच्या रोवणीकडे असतें. महाउपवासाचे आठवडे पुष्कळदां मोह फुलण्याच्या दिवसांवर येतात. भल्या पहांटे फुलें वेंचावयास गेलेलें घर प्रार्थनेस कोणत्या वेळीं येणार? शिवाय गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या माणसास मराठी ही शाळेची व बाजाराची भाषा आहे, आईची नव्हे. गोव्यांत मराठी पोथी ही उपेक्षितांची बाजू होती. गडचिरोलींत तीच मराठी कचेरीच्या बाजूस उभी असते. आपण मराठी भाषकांनीं स्टीफन्सचें कौतुक करावें हें योग्यच. परंतु त्याच्या ब्राह्मणाचा प्रश्न उद्यां एखाद्या माडियानें आपणांस विचारला, तर १६८४ च्या फर्मानाचा धिक्कार करणारे आपण काय सांगणार, हेंहि मनांत आणावें.

थॉमसच्या दिवशीं वाचावयाचा वेंचा सर्वश्रुत आहे. इतरांनीं सांगितलें तेवढ्यानें त्याचें समाधान झालें नाहीं. जखमांस आपला हात लागल्यावांचून मी मानणार नाहीं, असें तो म्हणाला. त्यास अविश्वासी म्हणून लोक हंसतात. परंतु कोणताहि समाज परक्या देशांतून आलेले सण आपले मानतो, तो याच मार्गानें. अक्षर त्याच्या स्वतःच्या जिभेस लागावें लागतें.