कोंडलेल्या हवेचे माप

दुपारच्या तासाला मुले जांभया देऊ लागली, की ‘आळशी झाली आहेत’ असे आपण म्हणून मोकळे होतो. पण श्रोतेहो, मुलांना बोल लावण्याआधी एकदा खिडकीकडे पाहावे. बंद खोलीत जीव घुसमटतो हे माणसाला पूर्वापार ठाऊक होते. ती हवा किती बिघडली हे मोजावे कसे, हे मात्र ठाऊक नव्हते.

ते माप १८५८ साली जर्मनीतील म्यूनिक शहरच्या माक्स फॉन पेट्टेनकोफर या रसायनशास्त्रज्ञाने घालून दिले. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकले की ती दुधाळ होते, हा प्रयोग शाळेत आपण करतोच. श्वासातून बाहेर पडणारा कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, चुन्याशी संयोग पावतो. पेट्टेनकोफरने खोलीतली हवा मोठ्या बाटलीत घेतली, तीत निवळी घालून हलवली आणि किती चुना खर्ची पडला यावरून कर्बवायूचा हिशोब काढला. हजार भाग हवेत एका भागाहून जास्त कर्बवायू असेल, तर ती खोली राहण्याजोगी नाही, असे त्याने ठरवले. मुलांनी भरलेल्या वर्गात हे प्रमाण त्याच्या कित्येक पट निघाले!

गंमत अशी, की तो कर्बवायूला गुन्हेगार मानत नव्हता, साक्षीदार मानत होता. माणसांनी सोडलेली हवा किती साचली, एवढेच तो वायू सांगतो. पुढे १९०५ साली ब्रेस्लाऊ येथे फ्लुग्गे व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की घुसमट होते ती मुख्यतः उष्म्याने व दमटपणाने. २०१२ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात हवेत मुद्दाम हजारी अडीच भाग कर्बवायू ठेवला, तेव्हा माणसांची निर्णयशक्ती मंदावलेली आढळली. सर्वच प्रयोगांत तसे दिसले नाही, म्हणून तो वाद अजून चालू आहे.

पेट्टेनकोफर आणखी एक गोष्ट बजावून सांगे. घरात उकिरडा ठेवून खिडक्या उघडण्यात काय अर्थ? आधी उकिरडा हलवा. जिथे लाकडा-गोवऱ्यांची चूल पेटते, तिथे धूर हाच उकिरडा. तो आईच्या आणि कडेवरच्या लेकराच्या छातीत जातो. तिथे नुसती खिडकी पुरत नाही. धुराडे हवे, नाहीतर गॅस हवा. वर्गात मात्र हवा बिघडते ती बहुधा श्वासानेच. तेव्हा गुरुजींनो, दर तासाला समोरासमोरच्या खिडक्या उघडण्याचे काम एखाद्या मुलाकडे सोपवा, आणि मग पाहा, जांभया कमी होतात का ते.