वारा मागून येतो : उघड्या स्पोर्ट्स कार आणि वाऱ्याशी केलेले तह

उघड्या टपाच्या स्पोर्ट्स कारमध्ये बसलेल्या माणसाला वारा कोणत्या बाजूने लागतो? समोरून, असे उत्तर कोणीही देईल. गाडी पुढे जाते, तेव्हा वारा तोंडावरच येणार. प्रत्यक्षात ताशी शंभर किलोमीटर वेगाने जाणाऱ्या अशा गाडीत चालकाची मान गारठवणारा, कानांमागे घोंगावणारा आणि केस पुढे डोळ्यांवर उडवणारा वारा बहुतांशी मागून आलेला असतो. त्यावरचा साधा उपाय कारखान्यातून गाडीबरोबर मिळू लागायला १९८९ साल उजाडले. तो उपाय म्हणजे चौकटीवर ताणलेली एक जाळी. हा धागा त्या जाळीचा आणि तिच्या आधीच्या-नंतरच्या खटपटींचा.

मोटारीचे पहिले युग काचेविनाच गेले. १८८६ च्या कार्ल बेंझ यांच्या तीनचाकीला समोर काच नव्हती आणि तिची गरजही नव्हती. ती ताशी सोळा किलोमीटरच्या आसपास धावे. वेग वाढला तसे धूळ, चिखल आणि किडे तोंडावर येऊ लागले. मग गॉगल आले, पायघोळ अंगरखे आले, स्त्रियांच्या टोपीवरून हनुवटीखाली बांधायचे झिरझिरीत पडदे आले. वाऱ्याविरुद्धची पहिली ॲक्सेसरी गाडीला नव्हे, माणसाला चढवली गेली.

समोरची काचसुद्धा आरंभी वेगळे पैसे मोजून घ्यायची वस्तू होती, हे आज कोणाच्या ध्यानातही येत नाही. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीच्या सुरुवातीच्या काळात टप, समोरची काच आणि गॅसचे दिवे हे मूळ किमतीत धरलेले नसत. शिवाय ती काच साधी होती. अपघातात तिचे तुकडे चाकूसारखे लागत. फ्रान्सच्या एदुआर बेनेदिक्त्यूस यांनी १९०९ साली दोन काचांमध्ये सेल्युलॉइडचा थर घालून न विखुरणाऱ्या काचेचे पेटंट घेतले, तरी ती काच सर्वसामान्य गाडीत रुळायला पुढे बराच काळ जावा लागला.

काचेने एक प्रश्न सोडवला आणि दुसरा जन्माला घातला. पावसाळ्यात दुथडी वाहणाऱ्या नदीत पुलाच्या खांबामागे काय होते ते आठवावे. पाणी खांबाला वळसा घालून पुढे जाते, पण खांबाच्या लगेच मागे ते भोवऱ्यात सापडून उलटे, खांबाच्याच दिशेने येते. मोटारीच्या काचेमागेही हेच घडते. हवा काचेच्या वरच्या कडेवरून सुटते आणि मागे, जिथे माणसे बसलेली असतात, तिथे कमी दाबाची पोकळी तयार होते. ती भरून काढायला मागच्या डिकीवरची हवा उलटी धावून येते. वरचा वेगवान प्रवाह आणि खालची संथ हवा यांच्या सीमेवर भोवरे सुटत राहतात. चालकाचे डोके नेमके त्या सीमेवर आले, की वाऱ्याच्या थपडा सुरू होतात. यालाच इंग्रजीतून आलेला शब्द आहे बफेटिंग. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो, त्यामुळे गावातल्या रस्त्यावर सुखद वाटणारी झुळूक महामार्गावर छळ होते.

मागच्या आसनावर बसणाऱ्यांना हे सर्वांत आधी कळले, कारण भोवऱ्याचा जोर त्यांच्या वाट्याला येई. बर्मिंगहॅमच्या ऑस्टर कंपनीने त्यांच्यासाठी पुढच्या आसनामागे उभी राहणारी दुसरी काच विकायला सुरुवात केली. १९२० आणि १९३० च्या दशकांतल्या दोन काचांच्या आलिशान फेटन गाड्या याच विचारातून आल्या. अमेरिकेत समोरच्या काचेच्या दोन्ही कडांना बिजागरीवर फिरणारे काचेचे पंख लावले जात. पण हे सारे उपाय आणखी काचा उभ्या करण्याचे होते. एका काचेमागे भोवरा, म्हणून दुसरी काच. तिच्यामागे पुन्हा भोवरा.

दरम्यान ग्राहकांनी आपला निर्णय देऊन टाकला. १९१९ च्या सुमारास अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींपैकी सुमारे ९० टक्के उघड्या होत्या. दहा वर्षांत हे प्रमाण उलटून सुमारे ९० टक्के गाड्या बंद झाल्या. बंद गाड्या स्वस्त झाल्या हे त्याचे मुख्य कारण, पण वारा, पाऊस आणि थंडी यांचा कंटाळाही त्यात होताच. उघडी गाडी आता गरजेची राहिली नाही, हौसेची झाली. हौसेच्या वस्तूला एक धोका कायम असतो: त्रास हौसेपेक्षा मोठा झाला की ती वस्तू संपते.

बंद गाड्यांनाही वारा आत घ्यायचा होताच. जनरल मोटर्सच्या फिशर विभागाने १९३३ साली दाराच्या खिडकीच्या पुढच्या कोपऱ्यात फिरणारी छोटी काच आणली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीत बसलेल्या कोणालाही ती त्रिकोणी काच आठवेल. तिच्या कोनावर वारा अंगावर घ्यायचा की बाहेर टाकायचा, हे ठरे. वाऱ्याला अडवण्याऐवजी वळवण्याचा असा विचार उघड्या गाडीत मात्र फार उशिरा शिरला.

स्पोर्ट्स कारच्या जगात तर उलटेच वारे वाहत होते. तिथे काच हाच शत्रू होता, कारण ती वेग खाई. ब्रुकलँड्सच्या शर्यतपट्टीचे नाव मिळालेली, जेमतेम चेहऱ्याएवढी अर्धवर्तुळाकार काच चालकापुढे बसवायची आणि मुख्य काच बॉनेटवर आडवी पाडायची, ही एमजीसारख्या ब्रिटिश गाड्यांतली रीत. काच किती वेग खाते याचे चोख उदाहरण ३० मे १९४९ रोजी बेल्जियममधल्या याब्बेके येथे दिसले. जॅग्वार एक्सके१२० टप आणि काच लावून ताशी सुमारे २०३ किलोमीटर धावली. मग टप व काच काढून छोटी काच बसवली, शेजारचे आसन झाकले आणि गाडीचा तळ पत्र्याने बंद केला. तीच गाडी ताशी २१३ किलोमीटरच्या पुढे गेली. दहा किलोमीटरसाठी चालकाने आपले डोके वाऱ्याच्या हवाली केले होते.

त्या आसन झाकण्यात मात्र एक शहाणपण लपले होते. कॅनव्हासच्या आवरणाला मधोमध चेन असे. चालकाची बाजू उघडायची, शेजारची बंद ठेवायची. गाडीतली पोकळी निम्मी झाली की भोवऱ्याला नाचायला जागाच उरत नसे. माल्कम सेयर हे ब्रिस्टल विमान कंपनीतून जॅग्वारमध्ये आलेले वायुगतिकीचे अभियंता. त्यांनी १९५४ च्या डी-टाइपमध्ये हे शहाणपण टोकाला नेले. बसण्याची जागा माणूस मावेल एवढीच, तिच्याभोवती वळलेली पारदर्शक प्लास्टिकची काच आणि डोक्यामागे सुसरीच्या पाठीसारखा निमुळता होत जाणारा उंचवटा. ल मांच्या सरळ रस्त्यावर ही गाडी ताशी पावणेतीनशे किलोमीटर गाठत असे. डोक्यामागची जागा भरून काढली की मागून येणाऱ्या वाऱ्याची वाट बुजते, हे सेयर यांच्या रेषांत स्पष्ट दिसते. पण रोज वापरायच्या गाडीच्या मालकाला असा उंचवटा कसा परवडणार? त्याला टप मिटून ठेवायला जागा लागते.

या कोड्याची अर्धी उकल वाऱ्याशी संबंध नसलेल्या ठिकाणाहून आली. १९६० च्या दशकात अमेरिकेत मोटार सुरक्षेचे नियम कडक होऊ लागले आणि गाडी उलटली तर उघड्या गाडीतल्या माणसाचे काय, हा प्रश्न पुढे आला. पोर्शने १९६५ साली फ्रँकफर्टला ९११ टार्गा दाखवली. तिच्या आसनांमागे पोलादाची रुंद कमान होती. १९७६ साली जनरल मोटर्सने कॅडिलॅक एल्डोराडो ही शेवटची अमेरिकन उघडी गाडी म्हणून जाहिरात करून विकली. १९७९ च्या फोक्सवॅगन गोल्फ कॅब्रिओलेची मधली कमान पाहून जर्मन लोकांनी तिला स्ट्रॉबेरीची टोपली म्हणून हिणवले. कमान दिसायला कुरूप, हे खरेच. पण आसनांमागे भक्कम आधार उभा राहिला आणि त्याला काहीतरी टांगता येऊ लागले.

मार्च १९८९ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात मर्सिडीज-बेंझने नवी एसएल, म्हणजे आर१२९, आणली. तिची सुरक्षा-कमान एरवी झोपलेली असे आणि गाडी उलटते आहे असे जाणवताच ०.३ सेकंदांत उभी राही. त्याच कमानीवर, आसनांमागे, चौकटीत ताणलेली बारीक जाळी बसवता येत होती. जर्मनमध्ये तिचे नाव विंडशॉट, म्हणजे वाऱ्याला घातलेली आडभिंत. मागून उलटी येणारी हवा इथे अडली आणि हिवाळ्यातसुद्धा टप उघडा ठेवून, हीटर लावून, सामान्य आवाजात बोलत प्रवास करता येऊ लागला.

जाळीच का, सरळ फळी का नाही? फळीने वारा पूर्ण अडवला तर तिच्या कडेवरून नवे भोवरे सुटतात, म्हणजे काचेचीच गोष्ट पुन्हा. जाळी थोडी हवा आत सोडते, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक कमी होतो, आणि मोठ्या भोवऱ्याचे ती बारीक बारीक भोवरे करते. बारीक भोवरे लवकर विरतात. शेतकरी वाऱ्याच्या बाजूला शेवरी-सुरूची रांग लावतो, पक्की भिंत बांधत नाही, त्यामागचा हिशेब हाच.

एसएल ही धनिकांची गाडी. त्याच १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोला सादर झालेली माझदा एमएक्स-५ मध्यमवर्गीय हौशी माणसाच्या आवाक्यातली होती. पाठोपाठ बीएमडब्ल्यू झेड३, पोर्श बॉक्स्टर, होंडा एस२००० आल्या आणि कारखान्याबाहेरच्या छोट्या कार्यशाळांना धंदा सापडला. आसनांमागच्या दोन कमानींच्या मध्ये नेमका बसेल असा ॲक्रिलिकचा पारदर्शक तुकडा कापायचा आणि क्लॅम्पने किंवा वेल्क्रोच्या पट्ट्यांनी आवळायचा. काम सोपे दिसते, पण दोन बोटांच्या उंचीने फरक पडतो. तुकडा बुटका असला तर उंच माणसाच्या डोक्यापर्यंत त्याचा आडोसा पोचत नाही. खाली फट राहिली तर तिथून गार हवा पाठीत घुसते. प्रवाहाची दिशा शोधायला विंड टनेलमध्ये वापरतात तसे लोकरीचे धागे चिकटवून पाहिले, तर गाडी पुढे जात असताना आसनामागचे धागे पुढच्या बाजूला वळलेले दिसतात. वारा मागून येतो याचा याहून स्वस्त पुरावा नाही.

टपबंद स्पोर्ट्स कारचे दुखणे वेगळ्या जातीचे. एकच खिडकी किंवा छपराची झडप उघडली की कानात ढब-ढब सुरू होते. पेनाच्या टोपणावर फुंकर मारून शिट्टी वाजवतात, तीच ही शिट्टी. फक्त टोपण खोलीएवढे असल्याने सूर सेकंदाला वीसेक कंपनांपर्यंत खाली येतो आणि ऐकू येण्यापेक्षा छातीत जाणवतो. पोकळीच्या अशा नादाचे गणित हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच मांडले होते. वाहत्या हवेखालच्या उघड्या पोकळ्यांवर ब्रिटनमध्ये जे. ई. रॉसिटर यांनी १९६४ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग विमानांसाठी होते. मोटारीच्या अभ्यासकांना ते आयते कामी आले. खिडकीच्या पुढच्या कडेला चिकटवायची बोटभर रुंदीची पारदर्शक पट्टी एवढेच करते, की भोवरे एका ठेक्यात सुटू देत नाही. ठेका मोडला की ढोल थांबतो. पट्टी नसेल तर समोरच्या बाजूची खिडकी दोन बोटे उघडावी.

पुढे मर्सिडीजने २००४ मध्ये आसनातून मानेवर गरम हवा सोडणारी सोय आणली आणि २०१० मध्ये समोरच्या काचेच्या वर उचलली जाणारी जाळीची पट्टी. नोव्हेंबर २०१९ मध्ये मॅक्लारेनने एल्वा जाहीर केली तेव्हा समोरची काचच काढून टाकली होती. गाडीच्या नाकातून आत घेतलेली हवा चालकापुढून जोराने वर सोडायची आणि १५० मिलिमीटर उठणाऱ्या पट्टीने येणारा वारा डोक्यावरून पलीकडे फेकायचा, अशी तिची रचना. किंमत चौदा लाख पौंडांहून अधिक. २०२१ साली कंपनीने याच गाडीची काच बसवलेली आवृत्तीही दाखवली, कारण अमेरिकेतल्या काही राज्यांत काचेशिवाय गाडी रस्त्यावर आणायला परवानगी नव्हती.