गोत्रोच्चार आणि विवाहनोंदींची सूची

विवाहसंस्कारात कन्यादानाचा संकल्प उच्चारला जातो, तेव्हा वर हा कोणाचा प्रपौत्र, कोणाचा पौत्र व कोणाचा पुत्र, तसेच वधू कोणाची प्रपौत्री, पौत्री व पुत्री, हे उभय कुळांच्या गोत्रप्रवरांसह सर्वांदेखत सांगितले जाते. मंडपातील मंडळींना हा भाग बहुधा लांबलेला विधी वाटतो. वस्तुतः ती एक परिपूर्ण विवाहनोंद होय. दोन्ही कुळांचे तीन पिढ्यांचे पूर्वज तेथे नामनिर्देशाने साक्षीस उभे असतात. उणीव एवढीच की, ही नोंद कागदावर उतरत नाही. मंडप उतरला की तीही विरून जाते.

घराघरांतून जपलेल्या वंशावळी ही उणीव भरून काढतील असे वाटते. परंतु तसे होत नाही. पित्यापासून पुत्र, पुत्रापासून पौत्र, अशी ती वेल चढत जाते. कन्या तिच्यातून निघून जाते आणि सून आली तरी तिचे माहेर लिहिले जात नाही. शिवाय महाराष्ट्रीय चालीप्रमाणे विवाहात वधूचे नावही पालटते. ग्वाल्हेरात झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. १८५८ च्या जून महिन्यात त्या याच भूमीवर धारातीर्थी पडल्या. त्या मूळच्या मोरोपंत तांबे यांच्या कन्या मणिकर्णिका. १८४२ साली गंगाधरराव नेवाळकर यांच्याशी विवाह झाल्यावर त्यांस लक्ष्मीबाई हे नाव प्राप्त झाले. दौलतराव शिंदे यांच्या पत्नी बायजाबाई या कागलच्या घाटगे घराण्यातील. त्यांचा विवाह १७९८ साली पुण्यास झाला. इतिहासाने या दोघींची माहेरे जपली, कारण त्या राजपत्नी होत्या. परंतु त्यांच्या काळी ज्या शेकडो सामान्य लेकी सुना होऊन या प्रांती आल्या, त्यांची माहेरे कोणी जपली?

हा प्रश्न ग्वाल्हेरकर मराठी कुटुंबांना विशेष लागू आहे. १८१० साली दौलतरावांची छावणी येथे स्थिरावली आणि तिचेच पुढे लष्कर हे शहर झाले. शिलेदार, कारकून, वैदिक व कीर्तनकार यांची घराणी देश-कोकणातून आली आणि येथेच रुजली. मूळ गाव, कुलदैवत व आडनाव त्यांनी निष्ठेने सांभाळले. पणजीचे माहेर मात्र बहुतेक घरांत आज सांगता येत नाही.

सरकारदरबारीही शोध फार मागे जात नाही. १८७२ च्या तिसऱ्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात नोंदणी-विवाहाची सोय झाली, तरी धर्मविधीने होणारे विवाह तिच्याबाहेरच राहिले. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने नोंदणीस वाट करून दिली आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने विवाहनोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले. त्यापूर्वीच्या पिढ्यांसाठी दोनच मोठे आधार उरतात.

पहिला आधार तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचा. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, प्रयाग, गया, हरिद्वार येथे यात्रेकरू गेला की, उपाध्याय त्याचे गाव व आडनाव विचारून वही काढतात आणि तो स्वहस्ते आपल्या घरातील माणसांची नावे लिहितो. पूर्वी आलेल्या आजोबाचे अक्षर तेथे पाहून नातवाच्या डोळ्यांत पाणी उभे राहावे, असे या वह्यांचे माहात्म्य. दुसरा आधार कुलवृत्तांतांचा. विसाव्या शतकात महाराष्ट्रातील अनेक कुळांनी आपले वृत्तांत सिद्ध केले आणि त्यांत सुनांचे माहेर व लेकींचे सासर देण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. चित्पावन कुळांच्या अशा ग्रंथांचे ऐतिहासिक मोल मॉरीन पॅटरसन या अमेरिकन विदुषीने १९६८ साली एका निबंधात दाखवून दिले.

तथापि, एका स्त्रीचे अर्धे चरित्र माहेरच्या ग्रंथात व अर्धे सासरच्या ग्रंथात असते. हे दोन तुकडे जोडते ती सूची. कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुना १८७४ साली विवाहबद्ध होऊन आनंदीबाई जोशी झाली. माहेर व सासर दोन्हीकडे जोशीच. १८७३ साली कुर्लेकरांची यमुना रमाबाई रानडे झाली. केवळ ‘यमुना’ एवढेच लिहिणारी सूची दोघींची गल्लत करील आणि केवळ सासरचे नाव देणारी सूची माहेरच्यांना कधीच सापडणार नाही. यास्तव प्रत्येक विवाहाची नोंद वराच्या नावाखाली एकदा आणि वधूच्या माहेरच्या नावाखाली दुसऱ्यांदा यावयास हवी.

असे काम वेतनावर होत नसते. इंग्लंड व वेल्समध्ये जन्म, मृत्यू व विवाह यांची सरकारी नोंदणी १८३७ साली सुरू झाली. तिच्या सूची सर्वांस खुल्या व्हाव्यात म्हणून १९९८ पासून ‘फ्रीबीएमडी’ या उपक्रमात स्वयंसेवक घरी बसून पानेच्या पाने उतरवीत आले. अमेरिकेतील युटा येथील वंशावळी-संस्थेने १९७७ पासून हरिद्वारादी क्षेत्रांतील वह्यांची सूक्ष्मचित्रे घेतली. परंतु चित्र म्हणजे सूची नव्हे. पान सुरक्षित राहिले, तरी त्यातील नाव हुडकण्यासाठी कोणीतरी ते वाचावेच लागते.

आणि हे वाचन सोपे नाही. जुन्या मराठी नोंदी मोडीत असतात. तीत शब्द सुटे नसतात आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नाही. कोठे शक असतो, कोठे विक्रम संवत. शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो, परंतु जानेवारी लागल्यानंतरच्या पौष, माघ, फाल्गुनातील तिथींस ७९ मिळवावे लागतात. ग्वाल्हेरकरांची अडचण आणखी निराळी. महाशिवरात्र मराठी पंचांगात माघ वद्य चतुर्दशीस येते, तर येथील हिंदी पंचांगात तीच फाल्गुन कृष्ण चतुर्दशी असते. नोंद कोणत्या पंचांगाची, हे न पाहिल्यास विवाह महिनाभराने चुकतो. म्हणून जाणत्यांचा नियम असा की, मूळात जसे असेल तसे प्रथम उतरावे, आपला अर्थ त्याच्या शेजारी वेगळा लिहावा, आणि एकच पान दोघांनी स्वतंत्रपणे वाचून मग मेळ घालावा. दुसऱ्या विवाहाची वा पुनर्विवाहाची नोंद कुळास रुचत नाही म्हणून गाळणे हा अपराध होय. तसेच हयात व्यक्तींची माहिती चव्हाट्यावर न मांडणे हाही सूचिकाराचा धर्म होय.

एवढा खटाटोप कशासाठी? शास्त्राचे उत्तर स्पष्ट आहे. सापिंड्य पित्याकडून सात व मातेकडून पाच पिढ्या पाहावे, असे स्मृतिकार सांगतात. १९५५ च्या कायद्याने ती मर्यादा पाच व तीन केली. मातेकडील पिढ्या ज्ञात नसतील तर हा विचार होणार कसा? महालयात पितृत्रयीबरोबर मातामहत्रयीसही पिंड द्यावयाचा असतो. तेथे मातामहांची नावे आठवत नाहीत म्हणून यजमान थबकतो आणि ‘यथानाम’ म्हणून विधी पुढे सरकतो. आईच्या आजोबांचे नाव लोपले ते कोणा शत्रूने पुसले म्हणून नव्हे. आईच्या विवाहात ते उच्चारले गेले, तेव्हा कोणी लिहून ठेवले नाही म्हणून.

नामाचा महिमा गाणाऱ्या संप्रदायास हे वेगळे सांगावयास नको. ज्याच्या घरी जुनी लग्नपत्रिका, याद वा टिपणाची वही असेल, त्याने ती उघडून चार नावे स्वच्छ अक्षरात उतरावी, आणि आरंभ घरातील वृद्ध मातेला तिच्या आईचे माहेर विचारून करावा. तिला ते अजून आठवत असेल.